तिथीची पाऊणपट आणि चोडणचा अर्धा तास

गोव्यातल्या रायबंदरहून निघालेली फेरीबोट चोडणच्या धक्क्याला लागते तेव्हा तिचं पुढचं लोखंडी फळकूट उतारावर धाडकन पडतं. भरती असेल तर ते उताराच्या वरच्या अंगाला टेकतं आणि माणसं चप्पल न भिजवता उतरतात. सुकतीला मात्र ते पार खाली, शेवाळानं हिरव्या झालेल्या भागात टेकतं आणि स्कूटरवाले दोन्ही पाय जमिनीला घासत, एकमेकांवर ओरडत वर चढतात. लहानपणी मला हा तमाशा फार आवडायचा. आजोला तो बघायला धक्क्यावर जावं लागत नसे. पडवीत बसल्या बसल्या तो सांगायचा, "आता फेरी खाली लागली असेल."

त्याचं गणित साधं होतं आणि ते कोकणपट्टीत अनेक घरांत ठाऊक असतं. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आजो त्यात आणखी अर्धा तास मिळवायचा. समुद्राचं पाणी मांडवीतून आमच्या बेटापर्यंत चढायला वेळ घेतं, म्हणून हा अर्धा तास. घरात त्याला 'चोडणचा अर्धा तास' असंच नाव होतं. कुणी लग्नाला उशिरा पोचलं तरी आजी म्हणायची, चोडणचा अर्धा तास.

आजोला ही वेळ लागायची ती मानशीसाठी. ज्यांनी खाजन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मांडवी-जुवारीच्या काठची सखल जमीन मातीचे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली असते, तिला खाजन म्हणतात. आत पावसाळ्यात कोरगुटसारखं खारं सोसणारं भात पिकतं. बांधात एक लाकडी दारांची मोरी असते, ती मानस. भरतीच्या दाबानं दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात जाळं लावलं की मासळी मिळते, आणि जाळं नेमकं कधी लावायचं हे पाणी कधी परतणार त्यावर ठरतं. अपरात्री अर्धा तास आधी जाऊन बांधावर डास मारत बसण्यात कुणालाच रस नसतो.

आजो वारल्यावर कितीतरी वर्षांनी त्याची वही मला मिळाली. घरात बोलणं कोंकणी, पण आजोचं शिकणं देवळाच्या सोप्यातल्या मराठी शाळेतलं, त्यामुळे वही मराठीत. मात्र मधेच कोंकणी शब्द घुसलेले. चार रकाने: तिथी, गणित, पळयलें, फरक. गणितानं आलेली वेळ, मानशीच्या खांबावर चुन्यानं मारलेल्या रेघांवरून डोळ्यांनी पाहिलेली वेळ आणि दोहोंतला फरक मिनिटांत. पानामागून पान. काही ठिकाणी तिसऱ्या रकान्यात 'पळोवंक ना', म्हणजे पाहता आलं नाही, आणि चौथा रकाना कोरा.

ती वही उघडली तेव्हा मी हसले, कारण मी पोटासाठी नेमकं हेच करते. फरक इतकाच की माझं गणित संगणकावर चालतं.

समुद्राचं मॉडेल म्हणजे समुद्राचे लांबी-रुंदी-खोलीत पाडलेले चौकोनी तुकडे. प्रत्येक तुकड्यात पाण्याचं तापमान, क्षारता, वेग असे आकडे असतात. वरून वारा, ऊन, पाऊस द्यायचा आणि भौतिकीच्या समीकरणांनी सगळे आकडे थोडे थोडे पुढे सरकवत न्यायचे. मॉडेलला सगळीकडचं काही ना काही माहीत असतं, पण कुठेच पुरेसं बरोबर माहीत नसतं. निरीक्षणांचं उलट. ती पुष्कळशी बरोबर असतात, पण फार थोड्या ठिकाणी. जगभराच्या समुद्रांत आर्गो या आंतरराष्ट्रीय मोजणी-प्रकल्पाची साधारण 4000 तरंगती यांत्रिक नळकांडी आहेत. प्रत्येक नळकांडं 1000 मीटर खोलीवर वाहत राहतं, दहा दिवसांनी आधी 2000 मीटरपर्यंत उतरून वर येतं, येताना तापमान आणि क्षारता मोजतं, उपग्रहाला निरोप देतं आणि पुन्हा बुडतं. दोन नळकांड्यांमध्ये सरासरी 300 किलोमीटर अंतर. म्हणजे पणजीत एक आणि दुसरं थेट रत्नागिरीच्याही पुढे. शिवाय ती खोल समुद्राची; आमच्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ती येतच नाहीत.

या दोहोंची गाठ घालण्याच्या शास्त्राला डेटा असिमिलेशन म्हणतात. मराठीत 'सात्मीकरण' असा शब्द काढता येतो, पण तो ऐकला की मला पोटातलं जेवण आठवतं. मी मनातल्या मनात 'सांगड' म्हणते. 29 जूनला, सांत पेद्राच्या फेस्ताला, आमच्याकडे मच्छीमार होड्या एकमेकींना बांधून त्यांवर मंच उभारतात, त्यालाही सांगड म्हणतात. एकेकटी होडी डुगडुगते, बांधल्यावर तिच्यावर माणसं नाचतात.

बांधायचं कसं, हे आजोच्या एका चतुर्दशीवरून सांगते. गणित साडेदहा, अधिक चोडणचा अर्धा तास, म्हणजे 11. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा 11:30. खरी भरती कधी? पटकन कुणीही म्हणेल, डोळ्यांनी दिसलं ते खरं. पण पूर्ण भरतीला पाणी बराच वेळ एका रेघेवर थबकलेलं असतं. ते नेमकं कोणत्या क्षणी परतलं हे सांगताना डोळाही चुकतो. वहीतले फरक चाळून मी अंदाज केला की गणित सरासरी 20 मिनिटांनी इकडेतिकडे होतं आणि डोळा 10 मिनिटांनी. वजनं चुकीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात द्यायची. 20 चा वर्ग 400, 10 चा 100. म्हणून गणिताला एक वाटा आणि डोळ्याला चार. अर्ध्या तासाच्या अंतराचे चार पंचमांश म्हणजे 24 मिनिटं, तेव्हा उत्तर 11:24. या उत्तराची स्वतःची चूक किती? साधारण 9 मिनिटं. गणितापेक्षा कमी, डोळ्यापेक्षाही कमी. 20 मिनिटं चुकणारा नियम 'निरुपयोगी' म्हणून फेकला असता तर 10 मिनिटांवरच समाधान मानावं लागलं असतं. दोघांतला कमी भरवशाचाही काहीतरी देऊन जातो, फक्त तो किती कमी भरवशाचा हे ठाऊक हवं. म्हणून त्या वहीतला माझा लाडका रकाना चौथा.

रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 साली जे मांडलं त्याचा गाभा हाच आहे. उत्तराबरोबर उत्तराच्या चुकीचाही हिशेब पुढे न्यायचा. निरीक्षण नसेल तोवर ती चूक वाढत जाते, निरीक्षण आलं की आवळते, पुन्हा वाढते. चंद्रावर निघालेल्या अपोलो यानांनी आपण कुठे आहोत हे ठरवताना हीच रीत वापरली. यानाला थोडेसेच आकडे पुरतात. समुद्राला एक कोटी आकडे म्हणजे काहीच नाही, आणि त्या प्रत्येकाच्या चुकीचं दुसऱ्या प्रत्येकाच्या चुकीशी असलेलं नातं लिहायचं तर कोष्टकात कोटी गुणिले कोटी घरं होतात. एकावर चौदा शून्यं. नुसतं साठवायला 800 टेराबाइट, आणि भरायचं कशानं हा प्रश्न वेगळाच. आमचं सगळं शास्त्र म्हणजे हे कोष्टक न लिहिता लिहिल्यासारखं करण्याच्या युक्त्या आहेत, असं मी म्हटलं तर सहकारी रागावतील, पण फारसे नाही.

आता पाऊणपटीच्या नियमातली एक खोच. पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण. सव्वाअकराहून थेट पाऊण, एका तिथीत दीड तासाची उडी! खरी भरती एका तिथीमागे सरासरी 48 मिनिटांनी पुढे सरकते. नियम 45 नीच सरकवतो, कारण पाऊणपट तोंडी करता येते. रोजची तीन मिनिटं उधार. शुद्ध प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत चौदा पावलांत 42 मिनिटं तुंबतात आणि पंधराव्या पावलाला नियम सगळी उधारी एकदम फेडतो: 48 अधिक 42, नव्वद. पाणी अशी उडी कधी मारत नाही. आजोच्या वहीत पौर्णिमेच्या आसपास फरकाचे आकडे फुगलेले दिसतात आणि त्यांखाली त्यानं कधी रेघ मारलेली असते, कधी दोन.

मॉडेलला निरीक्षणानं दुरुस्त करताना हीच उडी बसते. दहा दिवस मॉडेल आपल्या चालीनं भरकटतं, मग नळकांडं वर येऊन आकडा देतं आणि आपण मॉडेलला एकदम ओढतो. पाण्याचा भार आणि वेग यांचा समतोल एका झटक्यात मोडतो. मॉडेलमध्ये खोट्या लाटा उसळतात आणि काही तास ते हादरत राहतं. असमतोल आकड्यांचा सगळ्यात प्रसिद्ध तडाखा हवामानशास्त्राला बसला. लुइस फ्राय रिचर्डसन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवता चालवता हातानं गणित करत होते. 20 मे 1910 या दिवसाचे जुने आकडे घेऊन सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल हे त्यांनी काढलं. उत्तर आलं 145 हेक्टोपास्कल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता. मधल्या काळात त्यांचं हस्तलिखित गहाळ झालं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. समीकरणं ठीक होती; सुरुवातीच्या आकड्यांतल्या वाऱ्याचा आणि दाबाचा एकमेकांशी मेळ नव्हता. हे अपयश त्यांनी 1922 साली पुस्तकात जसंच्या तसं छापलं. मला रिचर्डसन आवडतात ते यासाठी.

उडी टाळण्याचा एक मार्ग म्हणजे निरीक्षण आलेल्या क्षणी न ओढता मागे जाणं. महिनाअखेर जमाखर्च जुळला नाही की आपण शेवटच्या पानावर खाडाखोड करत नाही. पान पान मागे जातो आणि कुठे हातचा राहिला ते शोधतो. तसंच, दहा दिवसांच्या आरंभीचे आकडे किती आणि कसे बदलले असते तर मॉडेलची आपली चाल सगळ्या निरीक्षणांच्या जवळून गेली असती, हे काढायचं. त्यासाठी मॉडेलचं एक जोडीदार समीकरण लागतं, जे शेवटच्या चुकीचा ठपका उलट्या दिशेनं सुरुवातीपर्यंत वाहून नेतं. युरोपच्या हवामान केंद्रानं 1997 मध्ये ही पद्धत रोजच्या कामात आणली. लिहायला सोपं, पण हे जोडीदार समीकरण संगणकावर उतरवण्यात माणसांची वर्षं जातात. माझी दोन गेली.

दुसरा मार्ग गायर एव्हेन्सन यांनी 1994 साली दाखवला आणि तो मला जास्त मानवतो, बहुधा एकत्र कुटुंबात वाढल्यामुळे. एकच मॉडेल न चालवता वाऱ्यात थोडा थोडा फरक करून पन्नास चालवायची. जिथे पन्नासांचं एकमत, तिथे मॉडेलला खात्री आहे असं समजायचं; जिथे भांडणं, तिथे निरीक्षणाला जास्त ऐकायचं. शिवाय एका जागचं पाणी वर गेलं की दुसरीकडचं कुठलं त्याच्याबरोबर वरखाली होतं, ही नातीही पन्नास प्रतींतूनच दिसतात. अडचण अशी की पन्नास ही संख्या फार लहान. योगायोगानं मांडवीच्या मुखाचं तापमान मादागास्करच्या क्षारतेबरोबर नाचताना दिसतं आणि पणजीतलं निरीक्षण आफ्रिकेचा समुद्र दुरुस्त करू लागतं. म्हणून आम्ही कात्री चालवतो: अमुक किलोमीटरपलीकडची नाती तोडायची.

गोव्यात बसून ही कात्री चालवताना हात थोडा अडखळतो. दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 साली स्थापन झालेली. तिथल्या आणि बाहेरच्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे की आमच्या किनाऱ्याचा प्रवाह, जो पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, तो केवळ आमच्या वाऱ्याचं ऐकत नाही. बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यानं उठलेल्या मंद, किनारा धरून चालणाऱ्या लाटा श्रीलंकेला वळसा घालतात आणि दिवसाला साधारण 200 किलोमीटर कापत पश्चिम किनाऱ्यानं वर येतात. तेव्हा गोव्याच्या समुद्राचं चेन्नईच्या वाऱ्याशी खरोखरच नातं आहे. ते काही दिवस उशिरा पोचतं आणि मॉडेलची समीकरणं ते आपसूक वाहून आणतात म्हणून कात्री चालवूनही निभावतं. पण दूरचं नातं खोटं असतं असं धरून चालणारा गोंयकार मी तरी पाहिलेला नाही.

आता माझी फजिती. नोकरीच्या सुरुवातीची, दुसऱ्या शहरातली.

पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यालगत खोलचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी उतारावरून वर चढत उथळ भागापर्यंत येतं. त्याच दिवसांत पाऊस आणि नद्या मिळून वर गोडसर, हलक्या पाण्याचं पाच-दहा मीटरचं झाकण घालतात. हलकं पाणी वर तरंगतं आणि खालच्या थंडीला वर येऊ देत नाही. दोनापावलची संस्था 1997 पासून कांदोळीसमोरच्या समुद्रातून जे नमुने घेत आली त्यांत हे झाकण आणि खालचं गुदमरलेलं पाणी स्वच्छ दिसतं; सप्टेंबरच्या सुमारास तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. उपग्रहाला मात्र दिसतं फक्त झाकण.

मी वरच्या आणि खालच्या पाण्याची नाती काढली होती ती हिवाळ्यातल्या आकड्यांवरून, जेव्हा उथळ समुद्र वरपासून खालपर्यंत ढवळलेला असतो. तेव्हा वर उबदार तर खालीही उबदार. ऑगस्टमध्ये उपग्रहानं सांगितलं, वर 28 अंश. मॉडेल दीड अंशानं थंड होतं. माझ्या सूत्रानं वरचं पाणी तापवलं आणि त्या नात्याला जागून खालचंही तापवलं, रोज थोडं थोडं. काही दिवसांनी एका बोटीवरून सोडलेल्या उपकरणानं 25 मीटरवर 21 अंश दाखवले. तिथे आमच्या मॉडेलचे झाले होते 25. कार्यक्रमात एक पहारेकरी बसवलेला असतो: अपेक्षेहून फार वेगळं निरीक्षण आलं तर ते उपकरणाची चूक समजून बाजूला टाकायचं. त्यानं इमानदारीनं ते टाकलं. आधी सूत्रानं खोटं रचलं आणि मग खरं सांगायला आलेल्याला दारातूनच परत पाठवलं. टाकलेल्या निरीक्षणांची यादी रोज तयार होत असे. तीन आठवडे ती कुणी उघडली नाही. कुणी म्हणजे मी.

त्यानंतर माझी सवय झाली आहे, सकाळी आल्यावर आधी नाकारलेल्यांची यादी उघडायची. बरेचदा त्यात खरोखरच बिघडलेली उपकरणं असतात. कधी क्षारतामापकावर शेवाळ चढलेलं, कधी जहाज जमिनीवरून चालल्याचे अक्षांश-रेखांश.

आणि चोडणचा अर्धा तास? वजनं लावण्याचं ते सगळं गणित एका अटीवर उभं आहे: चुका दोन्ही बाजूंना व्हायला हव्यात, कधी पुढे कधी मागे. नियम कायम अर्धा तास आधीच बोलत असेल तर वजनं कितीही शहाणपणानं लावा, उत्तर त्याच बाजूला कलणार. असे अर्धे तास शोधून आधी काढून टाकावे लागतात आणि ते सहज दिसत नाहीत. जहाजावरून तार जोडून समुद्रात सोडायचं एक स्वस्त तापमापक 1960 च्या दशकापासून जगभर वापरलं गेलं. ते खोली मोजत नाही. बुडायला किती वेळ लागला त्यावरून ती काढतात. ते प्रत्यक्षात जरा वेगळ्या वेगानं बुडत होतं, आणि त्यामुळे जुन्या नोंदींत समुद्र होता त्याहून उबदार दिसत राहिला. 2007 साली हे नीट उजेडात आलं. तोवर लाखो नोंदी त्या अर्ध्या तासासकट जमा झाल्या होत्या.

त्या तापमापकावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. निरीक्षणं क्वचितच आपल्याला हवी ती गोष्ट मोजतात. उपग्रह समुद्राची उंची मोजत नाही, रडारचा ठोका परत यायला लागलेला वेळ मोजतो. म्हणून मॉडेललाच विचारावं लागतं: समुद्र तू म्हणतोस तसा असता, तर त्या उपकरणाला काय दिसलं असतं? मॉडेलच्या भाषेतून उपकरणाच्या भाषेत नेणारा एक दुभाषा आमच्या सूत्रांत असतो आणि निम्मं काम त्याचंच.

आजोच्या वहीच्या शेवटच्या पानांवर तिसरा रकाना कोरा होत जातो. 'पळोवंक ना', 'पळोवंक ना'. पाय सुजायचे, बांधापर्यंत जाववत नसे. तिथी आणि गणित मात्र रोज लिहिलेलं, नियम चालूच. मग एका पौर्णिमेला, 11:45 या आकड्यासमोर, वेगळं अक्षर आहे. मोठं, शिरोरेघ नसलेलं, दुसरी इयत्ता शिकलेल्या आजीचं. तिला घड्याळ कळायचं नाही. तिनं लिहिलं आहे: "दनपारची घांट वाजली तेन्ना उदक पुराय भरिल्लें." दुपारची घंटा वाजली तेव्हा पाणी पूर्ण भरलं होतं. बांधावर ती जाऊन आली असणार, एकटी, आणि चर्चची घंटा ऐकून परत येऊन तिनं रकाना भरला.

फरकाचं घर तिनं कोरं सोडलं होतं. दुपारची घंटा म्हणजे 12. मी पेन्सिलनं तिथे 15 लिहिले आणि मग बराच वेळ अडले, कारण चूक किती धरायची ते ठरेना. घंटा वाजवणारा वेळेचा किती पक्का होता, हे चोडणात आता कुणाला विचारावं?